सतरा नंबरची नळी

साथ संपून अडीच वर्षं झाली, तरी ताईंचा थकवा काही संपायला तयार नव्हता. विषाणूने त्यांना एकदाही गाठलं नव्हतं; गाठलं होतं ते कामाने. त्या दोन वर्षांत त्यांनी इतक्या लोकांच्या नाकातले बोळे हाताळले होते, की घरी भाजी निवडतानाही त्यांचा अंगठा थेंब मोजायच्या पिपेटचं बटण दाबल्यासारखा आपोआप हलायचा. बाकीचे सगळे रजा काढून, कुठेकुठे फिरून ताजेतवाने होऊन आले. ताई मात्र सकाळी उठायच्या त्याच दमलेल्या.

"अगं, डॉक्टरला दाखव एकदा," नवरा म्हणायचा.

"दाखवून काय सांगू? काही दुखत नाही, खुपत नाही. नुसती वापरून झालेय मी."

संस्था तीन मजल्यांची होती. तळमजल्यावर झाडापिकांचं काम चालायचं, पहिल्यावर विषाणूंचं आणि दुसऱ्यावर माणसांच्या आनुवंशिक आजारांचं. तिन्ही मजल्यांवरचे लोक एकमेकांच्या कामाला नाकं मुरडत, पण नमुने शेवटी सगळ्यांचे एकाच खोलीत यायचे. ती खोली ताईंची. बटाट्याचं पान असो, खोकल्याचा बोळा असो की कुणा लेकराचं रक्त, त्यातला डीएनए काढायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे आणि कपाटाएवढ्या यंत्रात घालायचे. यंत्र डीएनएमधली अक्षरं वाचणार, संगणक ती जुळवणार. यंत्राला लहानथोर कुणी नव्हतं. बटाट्याचा जीनोम माणसापेक्षा वाचायला किचकट, हे ऐकून नवीन आलेली मुलं हिरमुसायची आणि ताईंना तेवढंच हसू यायचं.

शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत, आणि संचालक तर त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे होते. अठ्ठावीस वर्षांची नोकरी झाली होती. ताईंच्या हाताखालून गेलेली नळी म्हणजे तिच्याकडे पुन्हा बघायला नको, असा त्यांचा लौकिक होता.

त्या मंगळवारी काम तसं बिनडोक होतं. संगणकावर नवा प्रोग्रॅम आला होता आणि त्याने मागच्या पाच वर्षांचे सगळे नमुने नव्याने वाचायला घेतले होते. ताईंनी फक्त समोर बसून हिरव्या ओळी सरकताना बघायच्या. दुपारी त्यांना पेंग येऊ लागली होती, तेवढ्यात हिरव्या ओळींत एक लाल ओळ आली.

ती तीन माणसांच्या कुटुंबाची होती. आई, वडील आणि मुलगी. नवा प्रोग्रॅम नमुन्यांमधलं नातंही आपणहून तपासायचा. त्याचं म्हणणं, आई मुलीची आई आहे. वडील मात्र तिचे कुणीच लागत नाहीत.

ताईंची पेंग उडाली. त्यांनी जुना रिपोर्ट उघडला. तीन वर्षांपूर्वीचा, ऐन साथीतला. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. स्नायू हळूहळू सैल पडत जाण्याचा आजार, ज्यावर औषध नाही असा. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावून नेते. या मुलीच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. एक दोष आईत सापडला. वडिलांच्या रक्तात दोष नव्हता. मग रिपोर्टात लिहिलं गेलं, की दुसरा दोष मुलीतच नव्याने उपजला असावा; असा योगायोग दोनदा होत नसतो; पुढच्या अपत्याला धोका नगण्य. खाली तीन सह्या. पहिली ताईंची. त्या दिवसांत सगळ्यांची नुसती धावपळ चाललेली. तेवढं एक जनुक बघितलं आणि फाइल मिटली. नातं जुळतंय का, हे तपासायला फुरसत कुणाला होती?

ताई उठून विभागप्रमुखांकडे गेल्या. ते त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, हुशार, मनाने वाईट नव्हते. पण कागदावरची भानगड दिसली की त्यांचा चेहरा पित्त झाल्यासारखा व्हायचा.

"ताई, हे कुटुंबाच्या आतलं प्रकरण दिसतंय," ते आवाज खाली आणून म्हणाले. "संमतीच्या फॉर्मवर स्पष्ट लिहिलंय की असं काही निघालं तर आपण सांगत नाही. कुणाच्या संसारात कशाला काडी घालायची? ती ओळ बंद करा आणि पुढे चला."

"आणि सर, आपल्याकडून गडबड झाली असेल तर?"

"तुमच्या हातून?" ते हसले. "काहीतरीच काय!"

त्या हसण्याचा ताईंना क्षणभर आधार वाटला, हे खरं आहे. खुर्चीवर परत येईपर्यंत त्यांनी मनातल्या मनात त्या आईला दोषी ठरवून टाकलंसुद्धा. असेल बाई कुणी दुसरा. होतं असं. त्यांनी ओळ बंद करायला हात पुढे केला. मग स्वतःचीच लाज वाटून त्यांनी तो मागे घेतला. ज्या बाईला आपण कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, तिच्या चारित्र्यावर आपण आपला कंटाळा झाकायला निघालो होतो.

त्यांनी मुलांच्या रुग्णालयात फोन लावला. तिथल्या डॉक्टरीणबाई जुन्या ओळखीच्या होत्या.

"त्या कुटुंबाचं काय चाललंय गं सध्या?" ताईंनी शक्य तितक्या सहजपणे विचारलं.

"मुलगी चाकाच्या खुर्चीवर आहे आता. बोलते मात्र पोपटासारखी. आणि एक गोड बातमी आहे, तिची आई पुन्हा गरोदर आहे. चौथा महिना संपत आलाय. घाबरत होती बिचारी, पण तुमचा रिपोर्ट दाखवून मीच धीर दिला. का गं?"

"काही नाही, सांगते," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी साथीच्या वेळच्या वह्या काढल्या. त्या महिन्यात छापील बारकोडच्या पट्ट्या संपल्या होत्या. माल कुठेतरी बंदरात अडकून पडला होता आणि पंधरा दिवस सगळ्यांनी नळ्यांवर मार्करने नंबर घातले होते. वडिलांची नळी सतरा नंबरची. रक्त घेणाऱ्याने घाईत इंग्रजी सात असा काही ओढला होता, की त्याची आडवी रेघ जवळजवळ नव्हतीच आणि तो एकासारखाच दिसत होता. त्याच ट्रेमध्ये अकरा नंबरची नळीही होती. तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त घेत, त्यांतल्या एका अनोळखी गृहस्थाची. ट्रे भरला म्हणून सही ताईंची, तपासला म्हणून सहीही ताईंचीच. नियमाने तिथे दोन वेगळी माणसं हवी होती. दुसरं माणूस तेव्हा तापाने फणफणून घरी पडलं होतं.

त्यांनी अकरा नंबरचा नमुना उघडला आणि मुलीच्या नमुन्याशेजारी ठेवला. संगणकाला उत्तर द्यायला चार मिनिटं लागली. अकरा नंबरचा माणूस मुलीचा बाप होता. आणि त्याच्या एका प्रतीत, बरोबर त्या जागी, तोच दोष होता.

म्हणजे दोन नळ्यांची अदलाबदल झाली होती; अकरा म्हणून वाचलेलं रक्त वडिलांचंच होतं. आईचं काही चुकलं नव्हतं. मुलीत काही नव्याने उपजलं नव्हतं. आजार दोघांकडून आला होता आणि जन्माला येणाऱ्या प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता चारात एक होती. पोटातल्या बाळालाही.

ताईंना रडू आलं नाही. नुसतं असं वाटलं, की जिना चढून वर आल्यावर कुणीतरी सांगावं, अजून एक मजला आहे.

विभागप्रमुखांनी कागद दोनदा वाचला. "बापरे," ते म्हणाले. मग कागद खाली ठेवून म्हणाले, "आपण सुधारित रिपोर्ट पाठवू. नव्या प्रोग्रॅममुळे निष्कर्षात बदल. हे खोटंही नाही. वडिलांचं रक्त पुन्हा मागवू. नळीचं लिहायची गरज नाही."

"सर, मग ते म्हणतील आधी नव्हतं, आता कुठून आलं?"

"ताई, तुमच्या नोकरीची दोन-अडीच वर्षं राहिलीत. मी तुमचाच विचार करतोय."

"मला कळतंय," ताई म्हणाल्या. "पण मला आता शब्द फिरवायचंही त्राण नाही. जे झालं ते तसंच सांगणं त्यातल्या त्यात सोपं आहे."

हे काही फार थोर वाक्य नव्हतं, पण खरं होतं. विभागप्रमुखांनी कपाळ चोळलं आणि म्हणाले, "मीही येतो तुमच्याबरोबर."

गुरुवारी सकाळी रुग्णालयाच्या एका लहान खोलीत सगळे बसले. विभागप्रमुख, डॉक्टरीणबाई, ताई आणि समोर नवराबायको. मुलगी खुर्चीत, मान एका बाजूला उशीला टेकवलेली, डोळे मात्र सगळीकडे.

"तू डॉक्टर आहेस?" तिने ताईंना विचारलं.

"नाही गं. मी नळ्या भरते."

"पाण्याच्या?"

"रक्ताच्या."

"शी!" मुलगी खूश होऊन म्हणाली. मग एक नर्स तिला मासे बघायला बाहेर घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी सुरुवात करायला तोंड उघडलं, पण ताई म्हणाल्या, "मी सांगते." आणि त्यांनी सांगितलं. दोन नळ्या कशा अदलाबदल झाल्या, कुणाच्या हातून झाल्या, आधीच्या रिपोर्टातलं काय खोटं ठरलं. नव्याने रक्त घेऊन खात्री करावी लागेल, पण स्वतःला शंका नाही, हेही सांगितलं. आवाज कापत नव्हता. सपाट होता, आणि तोच त्यांना स्वतःला ऐकवत नव्हता.

नवरा उभा राहिला. उंचापुरा, छपाईच्या कारखान्यात यंत्र चालवणारा माणूस. "तीन वर्षं!" तो म्हणाला. "तीन वर्षं तुम्ही आम्हाला उल्लू बनवलंत? या कागदाच्या भरवशावर आम्ही... तुम्हाला झोप कशी लागते हो?"

"तीन वर्षं लागत होती," ताई म्हणाल्या. "मला माहीतच नव्हतं. परवापासून नाही लागत."

"आम्ही काय करायचं त्याचं? तुमच्या झोपेचं?"

"काहीच नाही," ताई म्हणाल्या. "तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

बायकोचे दोन्ही हात पोटावर, नजर टेबलावर. ती एकदम म्हणाली, "थांबा. मला एक नीट सांगा. म्हणजे हे यांच्याकडूनही आलंय?"

"हो. दोघांकडून. सारखंच."

"सारखंच," तिने तो शब्द पुन्हा उच्चारला, जिभेवर ठेवून चव बघावी तसा. मग ती नवऱ्याकडे वळली. "ऐकलंत?"

नवरा खाली बसला.

"मॅडम, तुम्हाला माहीत नसेल," ती ताईंना म्हणाली, "त्या कागदावर माझंच नाव होतं. आईत दोष, वडिलांत नाही. सासूबाईंनी तो कागद तीन माणसांकडून वाचून घेतला. तेव्हापासून घरात एकच घोशा, हिच्या माहेरची खोड आमच्या घरात आली. माझा भाऊ भेटायला आला तर त्याला दारातून परत पाठवलं. पोरगी पडली की माझ्याकडे बघायचे, पोरगी खोकली की माझ्याकडे बघायचे. आणि हे," तिने नवऱ्याकडे न बघता हात केला, "हे कधी बोलले नाहीत वाईट. पण कधी चांगलंही बोलले नाहीत. पेपर वाचत बसायचे."

विभागप्रमुख स्वतःच्या पेनाकडे बघत होते. ताईंना वाटलं होतं की आपण हिशोब नीट मांडला आहे: चूक, तिचा परिणाम, पोटातलं बाळ. हे तर त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. नळी इकडची तिकडे झाली आणि एका स्वयंपाकघरात एका बाईचं तोंड तीन वर्षं बंद झालं.

"मी काय बोलणार होतो?" नवरा हळूच म्हणाला. "मला वाटलं, कागदावर आहे म्हणजे..."

"हो ना. कागदावर होतं," ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

पोटातल्या बाळाभोवतीच्या पाण्याची तपासणी करायची ठरली. नवऱ्याचं रक्त त्याच दिवशी घेतलं. दोन्ही नमुने संस्थेत आले तेव्हा ताईंनी त्यांना हात लावला नाही. पहिल्या मजल्यावरची विषाणूवाली मुलगी आणि दुसऱ्यावरचा एक संशोधक, दोघांनी मिळून प्रत्येक नळीचा नंबर मोठ्याने वाचला, प्रत्येकाने वेगळी सही केली. ताई काचेच्या पलीकडून बघत होत्या. मध्येच त्या मुलीने वर पाहून विचारलं, "ताई, बरोबर चाललंय ना?" तेव्हा त्यांनी मान हलवली आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

ते नऊ दिवस ताईंचा जीव टांगणीला लागला होता. घरी नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू एकटीच होतीस का तिथे? ज्यांनी एका माणसाला दोघांचं काम दिलं त्यांचं काय?" हे खरं होतं, आणि ताईंना त्याचा उपयोग नव्हता. त्या म्हणाल्या, "अहो, तेही म्हणेन मी. चौकशीत म्हणेन. पण नळी माझ्या हातात होती."

दहाव्या दिवशी निकाल आला. मुलीच्या वडिलांच्या नव्या रक्तात दोष सापडला, तो अपेक्षितच होता. बाळाला वडिलांची बिघडलेली प्रत आली होती आणि आईची चांगली. बाळ आजारी पडणार नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर कळवलं तेव्हा ताई जागेवरून उठल्या, हात धुवायच्या बेसिनपाशी गेल्या आणि नळ सोडून नुसत्या उभ्या राहिल्या. सुटल्यासारखं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं झालं नाही. उलटंही होऊ शकलं असतं, आणि त्यात आपला काडीचाही वाटा नव्हता, एवढंच पुन्हा पुन्हा मनात येत राहिलं.

बाळाच्या आईला आनंद झाला का, असं त्यांनी विचारलं. "झाला असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तिने आधी काय मागितलं माहीत आहे? नवा रिपोर्ट. साध्या सोप्या भाषेत, मोठ्या अक्षरात, शिक्का मारून. दोघांकडून सारखंच आलंय, असं पहिल्याच ओळीत. आणि दोन प्रती. एक फाइलला आणि एक सासूबाईंना."

तो रिपोर्ट ताईंनीच लिहिला. विभागप्रमुखांनी त्यातलं एक अक्षरही बदललं नाही. फक्त खाली, चूक संस्थेच्या प्रयोगशाळेत झाली, या ओळीपुढे स्वतःची सही केली. ती करताना त्यांचा चेहरा पित्त झाल्यासारखाच होता, पण केली.

चौकशी झाली. ताईंनी बारकोडच्या पट्ट्यांचं सांगितलं, एकटीनेच दोन सह्या केल्याचं सांगितलं, आणि त्या पंधरा दिवसांतले सगळे हाताने नंबर घातलेले नमुने पुन्हा तपासावेत असं लिहून दिलं. एकशे बारा नमुने निघाले. त्यांत आणखी एक अदलाबदल सापडली, सुदैवाने दोन्ही निरोगी माणसांची. ताईंना माणसांच्या नमुन्यांच्या कामातून काढून तळमजल्यावर, झाडापिकांच्या विभागात पाठवण्यात आलं. संचालकांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "ताई, ही शिक्षा समजू नका."

"शिक्षाच आहे, साहेब," ताई म्हणाल्या. "पण चालेल."

तळमजला बरा होता. तिथे ओल्या मातीचा वास यायचा आणि कुणी सारखं घड्याळ बघत नसे. विषाणूने पिवळ्या पडलेल्या वेलींची पानं यायची. त्यात कुठल्या जातीच्या वेली तग धरतात आणि त्यांच्या जीनोममध्ये असं वेगळं काय आहे, याचा शोध चालला होता. ताई पानं चिरायच्या, खलात घोटायच्या. नळ्यांवर छापील पट्ट्या असूनही त्या दुसऱ्या कुणालातरी शेजारी उभं करून नंबर मोठ्याने वाचून घ्यायच्या. तिथली संशोधक बाई सुरुवातीला वैतागली. "अहो ताई, पानं आहेत ही. उद्या कोर्टात जाणार नाहीत."

"तू वाच," ताई म्हणायच्या.

थकवा होताच. फक्त पूर्वी तो कशाचा आहे हे कळत नसे, आता थोडंफार कळायचं.

पाच महिन्यांनी एका दुपारी तळमजल्यावरच्या फोनवर त्यांच्यासाठी फोन आला. मागे लहान बाळ रडत होतं आणि एक मोठी मुलगी त्याला "गप ना रे" असं दटावत होती.

"मॅडम, मी बोलतेय," त्या बाईचा आवाज आला. "मुलगा झाला. महिना झाला."

"बरं झालं," ताई म्हणाल्या. "घरी कसं आहे?"

"घरी आहे तसंच. सासूबाईंनी कागद वाचला, घडी घातली आणि कपाटात ठेवला. त्यावर बोलल्या काही नाहीत. पण आता माझ्याकडे बघत नाहीत पूर्वीसारखं. हे आपलं ताट आपणच वाढून घेतात आणि मुलीला आंघोळ घालतात. चाललंय." ती थांबली. "मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका हं."

"नाही समजत."

"पण सांगावंसं वाटलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर त्यांना यातलं निम्मंच कळतं."

"हो," ताई म्हणाल्या. "सांगत जा."

फोन ठेवून त्या परतल्या तेव्हा संशोधक बाई दारात ट्रे घेऊन उभी होती. नव्या वेलींची पानं आली होती, ऊन लागून कडा वळायला लागल्या होत्या.

"ताई, पटकन घ्यायला हवीत. सुकली तर पुन्हा तोडून आणावी लागतील."

ताईंनी हातमोजे चढवले, खुर्ची ओढली आणि पहिलं पान उचललं.